नखाखालचं हिरवं

"थंडीनं गेलं हो," असं म्हणत मेलेली कुंडी पोटाशी धरून जो कुणी नर्सरीच्या फाटकातून आत यायचा, त्याला कुंडीकाका आधी बसायला स्टूल द्यायचे आणि मग त्याची हजेरी घ्यायचे. कुंडीत बोट खुपसायचे, चिमूटभर माती नाकाशी धरायचे, रोप मुळासकट उपसून गुडघ्यावर आडवं घ्यायचे आणि निकाल द्यायचे. "थंडीनं काही जात नाही. माणसं घालवतात. संध्याकाळी पाणी घातलंत ना? रात्रीत ते मुळांशीच गोठलं. हे तुम्ही मारलंत." समोर बँकेचा मॅनेजर असो की इस्पितळातली मोठी डॉक्टरीणबाई, यात सूट नसायची. मालक लांबून कपाळाला हात लावायचे. पण हिवाळा तोंडावर आला की हीच माणसं मुकाट्यानं परत यायची, कारण हिवाळ्यातल्या कुंड्या कळणारा दुसरा माणूस त्या गावात नव्हता.

छत्तीस वर्षं त्यांनी हेच केलं. इस्पितळाच्या दारातल्या, हॉटेलच्या पायऱ्यांवरच्या, कचेऱ्यांच्या फाटकाशी ठेवलेल्या कुंड्या पानगळ सरता सरता रिकाम्या करायच्या आणि हिवाळ्यासाठी नव्यानं भरायच्या. उन्हाळ्यातल्या कुंड्यांना ते काम म्हणतच नसत. "उन्हाळ्यात फुटक्या बादलीतसुद्धा फुलं येतात, त्यात कसली अक्कल?" हिवाळ्याची गोष्ट वेगळी. जमिनीतल्या झाडाला थंडी वरून लागते, कुंडीतल्याला चहूबाजूंनी लागते, हे त्यांचं पहिलं वाक्य. म्हणून जमिनीत जे जेमतेम तगतं ते कुंडीत लावायचंच नाही, त्याहून चांगलं काटक असेल तेच निवडायचं. कुंडी उचलवेल तेवढी मोठी घ्यायची, आणि लाकडाची, कारण मातीची कुंडी गोठली की तडकते. खाली विटा द्यायच्या म्हणजे तळाचं भोक बर्फानं बुजत नाही. पाणी द्यायचं ते भर दुपारी, बेतानं. आणि गोणपाट गुंडाळायचं ते कुंडीला, झाडाला नव्हे. "थंडी पायांना बाधते, डोक्याला नाही," असं ते सगळ्यांना बजावायचे आणि स्वतः मात्र डोक्याला जाडजूड कानटोपी आणि पायांत भोकं पडलेले मोजे घालून हिंडायचे.

लोकांना हिरवंगार हवं असायचं. पानं झडलेलं झुडूप दाखवलं की गिऱ्हाईक नाक मुरडायचं, "हे तर मेलंय." काका याच वाक्याची वाट बघत असायचे. ते अंगठ्याच्या नखानं फांदीची साल किंचित खरवडायचे, तांदळाच्या दाण्याएवढीच. आत ओलं, कोवळं हिरवं दिसायचं. "बघा. झोपलंय. झोपलेल्याला मेलेलं म्हणू नये." गिऱ्हाईक खूश होऊन झुडूप घेऊन जायचं. एका झाडाला हे हिवाळ्यातून एकदा, फार तर दोनदा करायचं असतं. हे त्या धंद्यात कुणी कुणाला सांगत नाही, कारण ते सगळ्यांना ठाऊकच असतं.

काकूंना मात्र झाडांतलं ओ की ठो कळत नव्हतं. त्या एका शिंप्याच्या दुकानात काज करायच्या, विजारींचे पाय दुमडून शिवायच्या, आणि त्यांचे टाके इतके सारखे पडायचे की शिंपी ते गिऱ्हाइकांना मशीनचे म्हणून दाखवायचा. काका त्यांना चिडवायचे, "तुझ्या हातात कागदाचं फूल दिलं तरी कोमेजेल." त्यावर काकू म्हणायच्या, "आणि तुमच्या हातात सुई दिली तर सदरा राहील बाजूला, बोटं तेवढी शिवून घ्याल." चाळीस वर्षांच्या संसारात हा संवाद किती वेळा झाला असेल याची गणती नाही. मुलगा आणि मुलगी तो ऐकत लहानाची मोठी झाली, आणि पुढे आपापल्या नोकऱ्यांपायी दोन वेगळ्या गावांत गेली.

दोघं राहायची नर्सरीतच, माती मिसळायच्या शेडच्या मागे, कामाबरोबर मिळालेल्या दोन खोल्यांत. भिंतींना ओल, खिडकीला फट, पण दारात एका मोठ्या लाकडी पिंपात सफरचंदाचं बुटकं झाड होतं. खायच्या सफरचंदाचं नव्हे. बोराएवढ्या लालभडक, आंबट फळांचं. पानं गेली तरी फळं फांद्यांवर लटकत राहायची आणि त्यांच्यावर बर्फ साचायचं. मुलगी पोटात होती तेव्हा काकांनी ते कलम बांधलं होतं. तीन पिंपं कुजली, तीनदा बदलली, झाड तेच. काकू कामावर जाताना त्याच्या बुंध्याला हात लावून जायच्या. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि काकांनीही कधी विचारलं नाही.

मग मालक गेले आणि त्यांच्या वारसांनी जमीन विकली. काकांना वर्षभर आधी सांगण्यात आलं, ही त्यांची माणुसकीच म्हणायची. पिंपातलं झाड कुठे नेता येण्याजोगं राहिलं नव्हतं. मुळं पिंप फोडून खाली जमिनीत उतरली होती. काकांनी त्याच्या डहाळ्या घेऊन तीन रानटी खुंटांवर तीन कलमं बांधली. दोन सुकली, एक लागलं. पानगळीपर्यंत ते करंगळीएवढ्या जाडीचं, हातभर उंचीचं रोप झालं, वर तीन फांद्या. ज्या दिवशी यंत्र शेड पाडायला आलं त्या दिवशी दारातल्या झाडावर फळं होती. काका ते बघायला थांबले नाहीत. सामान बांधायचं निमित्त करून ते मागच्या खोलीत जाऊन बसले, आणि बांधायला तिथे काही उरलेलंच नव्हतं.

दोघांनी जायचं कुठे, हे पोरांनी त्याआधीच एका रविवारी ठरवलं होतं. मुलाकडे सातव्या मजल्यावर अडगळीची खोली होती, तिच्यात एक अरुंद पलंग मावत होता. मुलगी सहा तासांवरच्या गावात. तिच्याकडे नातीच्या खोलीत आणखी एक पलंग लागला असता. दोघांना पुरेल अशी जागा कुठेच नव्हती, आणि स्वतंत्र खोली घ्यायची तर काकांच्या पेन्शनीत ती बसत नव्हती. मुलगा जमिनीकडे बघत म्हणाला, "बाबा माझ्याकडे, आई ताईकडे. हिवाळ्यापुरतंच. पुढे मोठी जागा बघतो मी." मुलगी रडली. पोरं वाईट नव्हती. वाईट असती तर बरं झालं असतं, निदान कडाकडा भांडता तरी आलं असतं.

"हिवाळाच ना," काकू म्हणाल्या. "काढू."

रोप काकूंबरोबर गेलं, कारण काकांच्या वाट्याला आलेल्या घरात गॅलरीच नव्हती. खिडक्यांच्या काचा कायमच्या बंद, आत यंत्राची ऊब. असल्या उबेत झाड झोपत नाही, आणि न झोपलेलं झाड उन्हाळ्यात जागं कुठून होणार? मुलीच्या गॅलरीला दिवसभर ऊन होतं आणि एका बाजूला भिंतीचा आडोसा. काका स्वतः जाऊन कुंडी भरून आले. लाकडी खोकं, खाली चार विटा, बाहेरून गोणपाट, मातीवर वीतभर पालापाचोळा. मग त्यांनी काकूंना जवळ बसवून एखाद्या शाळकरी मुलीला शिकवावं तसं शिकवलं.

"हा बघ कलमाचा जोड. याच्या वरचं ते आपलं झाड. खालचा रानटी खुंट. खालून कधी धुमारा आला तर खुडून टाकायचा, तो आपला नव्हे."

"बरं."

"पानं आता झडतील. घाबरायचं नाही. शंका आली तर असं नख लावून बघायचं." त्यांनी फांदीच्या टोकाला खरवडलं. "दिसलं का हिरवं?"

काकूंनी चष्मा वर केला आणि वाकून बघितलं. "दिसलं."

"हिरवं आहे तोवर आपलं आहे. पालवी फुटली की फोन कर, मी बॅग घेऊन येतो. तोवर पोरगा जागा बघेलच, आपण दोघं आणि हे, तिघंही तिकडे जाऊ."

पालवीचा आणि जागेचा काय संबंध, असं कुणीही विचारलं असतं. काकांच्या डोक्यात मात्र त्या दिवसापासून या दोन गोष्टी एकच होऊन बसल्या, आणि त्यांच्या नादानं काकूंच्याही.

रोज संध्याकाळी सहाला काका फोन लावायचे. काकू दोन घंट्यांतच उचलायच्या, म्हणजे त्या आधीपासून फोनपाशी बसलेल्या असायच्या हे उघड होतं. जेवलीस का, गुडघा काय म्हणतो, नात शाळेत गेली का, असे चार प्रश्न व्हायचे. संसारात शेजारी बसून ज्यांनी गप्पा मारल्या त्यांना फोनवर बोलता येतंच असं नाही. या दोघांना मुळीच येत नव्हतं. मग काका घसा खाकरून खऱ्या प्रश्नाकडे यायचे.

"हिरवं आहे का?"

"थांबा हं." फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज, गॅलरीचं दार सरकल्याचा आवाज, मग बराच वेळ काही नाही. मग परत दार. "आहे."

तेवढ्यानं काकांच्या जिवात जीव यायचा. मग ते अडगळीच्या खोलीत पलंगावर पाय वर घेऊन पडायचे. त्या खोलीत पलंग, इस्त्रीचं टेबल, दोन सायकली आणि काका एवढं सगळं होतं. सकाळी सूनबाईंना इस्त्री करायची असली की ते बाहेर जाऊन बसायचे. घरात कुणी त्यांना एक शब्द वावगा बोललं नाही. त्यांना विचारून टीव्ही लावायचे, विचारून बंद करायचे. पाहुण्याला विचारतात तसंच.

इमारतीच्या दारात दोन मोठ्या कुंड्या होत्या आणि त्यांत सुरेख हिरव्या सूचिपर्णी फांद्या. पहिल्याच आठवड्यात काकांनी त्यांतली एक धरून हलवली. मुळं नव्हतीच. तोडलेल्या फांद्या मातीत खोचल्या होत्या आणि माती गोठल्यामुळे त्या ताठ उभ्या होत्या. हा प्रकार धंद्यात चालतो. काकांनी कधी केला नव्हता.

"हात नका लावू हो आजोबा," वॉचमन म्हणाला. "बघा कशा टवटवीत राहिल्यात."

"मेल्यात त्या," काका म्हणाले.

"काहीतरीच! हिरव्यागार आहेत की."

"ऊन तापेपर्यंत हिरव्याच दिसतील. तोवर त्यांनाही पत्ता लागायचा नाही." वॉचमनला ही चेष्टा वाटली आणि तो हसला. काकाही हसले, पण त्यानंतर ते त्या दारातून जाताना कुंड्यांकडे बघायचं टाळू लागले.

हिवाळ्याच्या मध्यावर कडाका पडला. अकरा दिवस रस्त्यावरचं पाणी दुपारीसुद्धा वितळलं नाही. काका दिवसातून तीनदा फोन करू लागले. दुसरं गोणपाट गुंडाळ. कुंडी भिंतीला आणखी चिकटव. पाणी अजिबात नको. वरची माती बोटानं दाबून बघ. आणि प्रत्येक वेळी शेवटी तेच, "हिरवं आहे का?" काकू प्रत्येक वेळी फोन खाली ठेवून जायच्या आणि येऊन सांगायच्या, "आहे."

एकदा त्या म्हणाल्या, "कालच्या जागी आज तपकिरी दिसतंय."

"ते उघडं पडलं ना, वाळतं ते. त्याला काही होत नाही. बाजूला बघ."

"बाजूला हिरवं आहे."

"झालं तर मग."

मुलानं सुरुवातीला दोन जागा बघितल्या. एक लांब होती, एक महाग. तिसरी बघायला तो गेलाच नाही. काकांनी विषय काढला की तो "बघू" म्हणायचा. या शब्दाला "नाही" म्हणता येत नाही आणि "हो"ही म्हणता येत नाही, त्यामुळे त्याच्याशी वाद घालता येत नाही. मग एके सकाळी सूनबाई मोजायची टेप घेऊन अडगळीच्या खोलीत आल्या. त्यांना दिवस गेले होते. पाळणा कुठे बसेल, कपड्यांचं कपाट कुठे, हे बघायचं होतं. एकटीला टेप धरता येईना, म्हणून काकांनीच उठून दुसरं टोक धरलं.

"तुमचं अंथरूण बाहेर सोफ्यावर घालू बाबा. तिकडे ऊबही जास्त असते," सूनबाई म्हणाल्या.

"छान होईल," काका म्हणाले, आणि आनंदाची गोष्ट म्हणून त्यांनी ती संध्याकाळी काकूंना सांगितली. काकूंनाही आनंद झाला. मोठ्या जागेचं काय, हे काकूंनी विचारलं नाही. काकांनी त्याऐवजी विचारलं, "हिरवं आहे का?"

"थांबा हं."

बर्फ वितळलं. सातव्या मजल्यावरून खाली बघितलं की रस्त्याकडेच्या झाडांवर हिरवी झाक दिसू लागली. दारातल्या कुंड्यांतल्या फांद्या आठ दिवसांत विटकरी झाल्या आणि वॉचमननं त्या उपटून कचऱ्यात टाकल्या. कलमाला पालवी नव्हती. "कुठे नख लावलंस?" असं काका विचारायचे आणि काकू म्हणायच्या, "जरा खाली." दुसऱ्या दिवशी, "आणखी जरा खाली. तिथे आहे हिरवं." शेंडे वाळले असतील, काका मनाशी म्हणायचे, शेंडे वाळतात कधीकधी, छाटले की झालं. गिऱ्हाइकानं असं सांगितलं असतं तर त्यांनी एका वाक्यात त्याचा निकाल लावला असता.

आणि मग एका संध्याकाळी सहा वाजायच्या आधी फोन वाजला. काकूंनी आपण होऊन फोन करायची ही पहिलीच वेळ.

"अहो, धुमारा फुटला! दोन पानं आहेत. बारीकच, पण आहेत."

जोडाच्या वर की खाली? प्रश्न काकांच्या जिभेवर आला. छत्तीस वर्षांत तो विचारल्याशिवाय त्यांनी कुणाचं अभिनंदन केलं नव्हतं. तो त्यांनी गिळला.

"येतो," ते म्हणाले. "उद्याच्याच बसनं येतो."

मुलाला त्यांनी सांगितलं, पालवी फुटली. मुलगा मोबाइलमध्ये बघत म्हणाला, "अरे वा." काका थोडा वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "तेवढं जागेचं..." आणि मुलानं मान वर न करताच म्हटलं, "बघू ना बाबा." काकांनी तरीही बॅग भरली. सगळे कपडे भरले.

सहा तास बसमध्ये त्यांनी काहीच केलं नाही, खिडकीतून बाहेरसुद्धा बघितलं नाही. मुलीच्या दारात काकू उभ्या होत्या. हिवाळ्यात त्या बारीक झाल्या होत्या, आणि त्यांनी ठेवणीतली साडी नेसली होती. चहा नको, पाणी नको, आधी गॅलरी.

काका गुडघे मोडून कुंडीपाशी बसले. सगळं जसंच्या तसं होतं. विटा सरळ, गोणपाट दोन पदरी, सुतळीच्या गाठी नीट, वर पालापाचोळा स्वच्छ. छत्तीस वर्षांत एवढी निगा एकाही गिऱ्हाइकानं राखली नव्हती. दोन पानं होती. जोडाच्या चार बोटं खाली, रानटी खुंटातून फुटलेली.

जोडाच्या वर त्यांनी बघितलं आणि त्यांचा हात तिथेच थांबला. तिन्ही फांद्यांच्या टोकांपासून थेट जोडापर्यंत, खोडाला चहूबाजूंनी, नखाएवढ्या जखमा होत्या. एकीच्या खाली एक, एका ओळीला लागून दुसरी ओळ, काजाच्या टाक्यांसारख्या सारख्या अंतरावर. पूर्ण फेरा झाला की खाली नवा फेरा. साल म्हणून कुठे उरलीच नव्हती. सालीखालच्या त्या हिरव्या थरातच झाडाचा जीव असतो. करंगळीएवढ्या खोडाची साल चहूबाजूंनी काढली तर ते जगत नाही, मग थंडी असो वा नसो.

"रोज नवी जागा बघावी लागायची हो," काकू मागे उभ्या राहून सांगत होत्या. "आदल्या दिवशीची वाळून तपकिरी व्हायची, मग कळणार कसं? आणि तुम्ही तर रोज विचारायचात. कडाक्यात तीन-तीनदा. न बघता 'आहे' म्हणायचं म्हणजे खोटं बोलल्यासारखं. मी एकदाही न बघता सांगितलं नाही."

काकांनी मागे वळून त्यांचा हात हातात घेतला. उजव्या अंगठ्याचं नख मधोमध चिरलं होतं आणि कडेनं काळं पडलं होतं.

छत्तीस वर्षं ज्यांनी लोकांच्या मेलेल्या कुंड्या गुडघ्यावर घेऊन निकाल दिले, त्यांना इथे निकाल द्यायला एक क्षणही लागला नाही. नख काकूंचं, पण मारलं आपण. रोज संध्याकाळी सहा वाजता, सहा तासांच्या अंतरावरून, एक प्रश्न विचारून मारलं.

"आहे ना?" काकूंनी विचारलं.

"छान राखलंस," काका म्हणाले. "आता मात्र नख लावू नकोस. पानं दिसतायत, आता गरज नाही." त्यांना उठायला वेळ लागला, आणि काकूंनी त्यांना हात दिला.

जेवताना मुलीनं भाजी वाढता वाढता सांगितलं, "बाबा, दादाशी बोलले मी. त्याच्याकडे आता बाळ येणार. आणि आई इथे असली की पोरीकडे बघायला कुणीतरी असतं, मला कामावर जाता येतं. सध्या आहे असंच चालू दे ना. पुढच्या वर्षी बघू." तिनं हे इतक्या मायेनं सांगितलं की काकांनी मान हलवली. काकूंनीही हलवली. नात म्हणाली, "आजोबा, तुमची बॅग एवढी मोठी का?" दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं काका ती बॅग घेऊन परत गेले.

परतल्यावर दुसऱ्या संध्याकाळी सहाला त्यांनी फोन लावला. जेवलीस का, गुडघा काय म्हणतो, नात शाळेत गेली का. मग ते थांबले.

"आज विचारलं नाहीत," काकू म्हणाल्या.

"आता काय विचारायचं. पानं आली ना."

पलीकडे फोन खाली ठेवल्याचा आवाज नाही, दार सरकल्याचा नाही.

"जोडाच्या खाली आहेत ती," काकू म्हणाल्या. "मला त्याच दिवशी दिसलं होतं, फोन करायच्या आधीच. पण म्हटलं, निदान तेवढ्यासाठी तरी याल."

काका सोफ्याच्या कडेवर बसले होते. समोर अडगळीच्या खोलीचं दार उघडं होतं आणि आत भिंतीला नवा रंग दिला होता.

"अहो, एक खरं सांगाल? तुम्ही झाडाच्या बाबतीत कधी कुणाची भीड ठेवली नाहीत. चाळीस वर्षं म्हणायचात, माझ्या हातानं झाड जगत नाही. माझ्याच हातानं गेलं ना ते?"

"थंडीनं गेलं," काका म्हणाले.

"थंडीनं काही जात नाही म्हणायचात तुम्ही."

"यंदा फार होती गं," काका म्हणाले. "फारच होती."